ठेवलेला नारळ

तुकाराम धुरीला राग यायला वेळ लागायचा, आणि जायला त्याहून जास्त. त्याच्या गावात म्हणत, धुऱ्यांचा राग म्हणजे ओल्या लाकडाचा विस्तव. पेटताना धूर फार, आणि एकदा पेटला की पाणी ओता नाहीतर माती, विझत नाही. कुवेतच्या राई भागात, गॅरेजं आणि टायरच्या गोदामांच्या रांगेत, त्याचा लोणच्याचा लहानसा कारखाना होता. आत शिरलं की समोरच्या फळीवर एक नारळ दिसायचा, शेंडीसकट, धुळीनं राखाडी झालेला. बरण्या घ्यायला आलेलं गिऱ्हाईक सहज विचारायचं, "पूजेचा का हो?" तुकाराम म्हणायचा, "नाही. एका माणसाचा आहे." आणि बरण्या मोजायला लागायचा.

तो माणूस म्हणजे बाळासाहेब शितोळे. आणि ह्या दोघांची गोष्ट सांगायची तर आधी तुकारामच्या आईपासून सुरुवात करायला हवी, कारण सगळं तिच्या हातचं होतं आणि नाव मात्र तिचं कुठंच नव्हतं.

गंगूबाई धुरी ही कुडाळच्या बाजारात दर बुधवारी लोणचं विकायला बसायची. नवरा लवकर गेलेला, पदरात एकुलता मुलगा. तिच्या तीन चिनीमातीच्या बरण्या होत्या आणि त्यांतल्या लिंबाच्या लोणच्यासाठी सावंतवाडीहून माणसं यायची. लिंबं धुवायची, फडक्यानं कोरडी पुसायची, चार फोडी करायच्या, एकूण एक बी काढायची, मीठ-हळद लावायची आणि बरणी अंगणात ठेवायची. "चाळीस उन्हां दाखवूची," ती म्हणायची, "एकेचाळिसाव्या दिसाक झाकण उघडूचा. मधी डोकावशात तर हात मोडतलंय." तुकारामला स्वयंपाकाचं बाळकडू मिळालं ते असं, धाकात.

लढाई संपून वर्ष झालं होतं आणि कुवेत पुन्हा उभं राहत होतं. रस्ते बांधायला, भिंती उभारायला हजारो माणसं आणली होती, आणि माणसं आणली म्हणजे त्यांना जेवायला घालणारं कोणीतरी हवं. तुकाराम १९९२ साली आचारी म्हणून आला. कंपनी कामगारांच्या छावण्यांना जेवण पुरवायची आणि तिथला मॅनेजर होता बाळासाहेब. साताऱ्याकडचा, पांढऱ्या शर्टातला, गोड बोलणारा. राहायला सलव्यात, मोठ्या फ्लॅटमध्ये. आचारी मात्र मिरकाबमधल्या एका जुन्या इमारतीत, दोन खोल्यांत आठजण. माणसाला "अरे राजा" म्हणून हाक मारायची आणि त्याचा पासपोर्ट आपल्या खणात ठेवायचा, ही बाळासाहेबाची पद्धत.

मेसमधलं जेवण मुळमुळीत आहे अशी ओरड होती. तुकारामनं आपल्या पैशानं लिंबं आणली, आईच्या रीतीनं बरणी भरली आणि मिरकाबच्या गच्चीवर ठेवली. चाळीस उन्हं दाखवायची म्हणून. पंधराव्या दिवशी झाकण उघडलं तर आत डांबर. जिभेवर ठेवलं तर कडू जहर. कुवेतचं ऊन ते, पन्नास डिग्रीचं. अंगणातल्या माघाच्या उन्हासारखं गरिबाचं ऊन नव्हे. दुसरी बरणी गेली, तिसरी गेली. मग तो रोज एकेक फोड चाखत गेला आणि त्याच्या ध्यानात आलं, की इथं नऊ दिवस पुरतात. नवव्या दिवशी साल मऊ, रंग सोन्याचा, चव आईची. दहाव्या दिवसापासून कडवटपणा चढायला लागतो. त्यानं चुलतभावाला, सुयोगला, पत्र लिहिलं आणि सुयोगनं ते गंगूबाईला वाचून दाखवलं. तिचं उत्तर आलं, "थयच्या उन्हाक मेल्याक एवढी घाई कसली असा?"

ते लोणचं छावण्यांत इतकं चाललं की लोक भाजी टाकून लोणचं-भात खायला लागले. बाळासाहेबानं बोटभर चाखलं आणि त्याचे डोळे लुकलुकले. दोन वर्षांत त्यानं कंपनीच्या नावानं लोणच्याचा धंदा सुरू केला. गच्चीवर वीस पिंपं आली. कुठलं कधी चढलं, कधी उतरलं, कुठलं मुरायला जिन्याखाली गेलं, हे फक्त तुकारामला माहीत. बाळासाहेबाचे गुडघे दुखायचे; चार मजले चढून भट्टीसारख्या गच्चीवर तो एकदाही आला नाही.

पहिल्या बरण्यांवर चिकटवायला लेबलं छापून आली तेव्हा तुकारामनं त्यावरचा फोटो पाहिला. नाकात नथ, डोक्यावर पदर, एक गोरी म्हातारी. खाली लिहिलेलं: 'थोरली आई, घरगुती लिंबाचं लोणचं.' म्हातारी बाळासाहेबाची आई होती. तिनं आयुष्यात लिंबाचं लोणचं घातलं नव्हतं, हे बाळासाहेबानंच एकदा हसत हसत सांगितलं होतं.

"साहेब," तुकाराम म्हणाला, "लोणचं माझ्या आईचं आहे."

"अरे राजा, आई ती आई," बाळासाहेब म्हणाला. "तुझी काय अन् माझी काय."

तुकारामनं ते गिळलं. गरीब माणसाला गिळायची सवय असते. शिवाय गंगूबाईचा एकही फोटो कोणी काढलेला नव्हता. छापायचा म्हटला तरी काय छापणार? तो हे स्वतःला सांगत राहिला आणि लिंबं चिरत राहिला. त्या लेबलाचा राग आला होता, पण पेटला नव्हता. पेटला तो नंतर.

१९९७ च्या जून महिन्यात बाळासाहेबाला पहिली मोठी ऑर्डर मिळाली. तेरा तारखेला माल पोहोचवायचा होता. चार तारखेच्या सकाळी तुकारामनं त्या ऑर्डरीची शेवटची दोन पिंपं गच्चीवर चढवली. त्यानंतरचे दिवस तो रात्रंदिवस राबला. तेराच्या पहाटे पिंपं खाली उतरवली, बरण्या भरल्या, सील केल्या, ट्रक गेला. तो घाम पुसतो न पुसतो तोच बाळासाहेबानं त्याला ऑफिसात बोलावलं, चेहरा लांब करून एक कागद पुढं केला आणि म्हणाला, "आजच आला बघ हा. देव धीर देवो."

तो फॅक्स होता. कुडाळच्या टेलिफोन बूथवरून सुयोगनं पाठवलेला, आईबद्दल. 'आवस गंभीर असा. सारखा तुझा नाव घेता. मिळात त्या विमानान ये.'

तुकारामचं शिक्षण सातवीपर्यंत, पण रोज लिंबांच्या खोक्यांवरच्या तारखा वाचून त्याचे डोळे तयार झाले होते. फॅक्सच्या कागदावर अगदी वरच्या कडेला मशिननं छापलेली बारीक ओळ होती. त्यात तारीख होती, चार जून. त्यानं तारीख वाचली, मग बाळासाहेबाकडे पाहिलं. बाळासाहेब खिडकीबाहेर बघत होता.

तो धावत खाली गेला आणि कोपऱ्यावरच्या बूथवरून फोन लावला. सुयोगनं आवाज ओळखला. मग म्हणाला, "तुकाराम, मंगळवारी गेली रे ती. सा दिस दाराकडे तोंड करून निजली होती. कोणाचे पाय वाजले की विचारी, तुको इलो काय?"

मंगळवार म्हणजे दहा तारीख. चारला निघाला असता तर पाचला घरी. पाच दिवस त्याला मिळाले असते, तिला मिळाले असते. ते पाच दिवस बाळासाहेबाच्या खणात, पासपोर्टांच्या गठ्ठ्याशेजारी पडून होते.

तो ऑफिसात परत आला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पासपोर्ट मागितला. बाळासाहेबानं तो काढून दिला, पाठीवर हात ठेवला आणि मग अगदी हळू आवाजात, जणू उपकार मागतोय अशा सुरात म्हणाला, "तुझं मन आता थाऱ्यावर नाही, मला कळतंय. परत कधी येशील सांगता येत नाही. जायच्या आधी लोणच्याची रीत तेवढी सांगून जा ना, राजा. मी लिहून घेतो."

माणूस किती निर्लज्ज असावा याला काही सीमा? आईचं सरण अजून गार झालेलं नाही, आणि ह्याला रीत हवी. तुकाराम खुर्चीवर बसला. राग तिथं पेटला, पण त्याचा धूर बाहेर आला नाही. त्यानं शांतपणे एकेक ओळ सांगितली, बाळासाहेबानं लिहून घेतली. लिंबं किती, मीठ किती. बिया काढायच्या. मेथी-हिंग तेलात तळून कुटायचं. तेल पार गार करून मगच ओतायचं.

"आणि ऊन?" बाळासाहेबानं विचारलं.

"आई म्हणायची तसं," तुकाराम म्हणाला. "चाळीस उन्हं दाखवायची. एकेचाळिसाव्या दिवशी झाकण उघडायचं."

"आमच्याकडे पण चाळीसच म्हणतात," बाळासाहेबानं मान डोलावली आणि लिहिलं: ऊन, चाळीस दिवस.

एकही शब्द खोटा नव्हता. जशी आईनं सांगितली होती तशी रीत तुकारामनं तिच्या मारेकऱ्याला सांगितली. तो त्याला मारेकरीच म्हणायचा, जरी वैद्यकीय भाषेत म्हातारी न्यूमोनियानं गेली होती. आणि तो विमानात बसला.

गावात दिवस-पाणी झालं, सुतक फिटलं, तसा तो नारळ घेऊन रवळनाथाच्या देवळात गेला. कोकणात ही जुनी रीत आहे. ज्यानं तुमचं वाईट केलं आणि ज्याला कायदा काही करू शकत नाही, त्याच्या नावानं देवापुढं नारळ ठेवायचा आणि गाऱ्हाणं घालायचं. गुरवानं त्याचं म्हणणं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं.

"माणूस खय असा तो?"

"कुवेताक."

"मगे कसा जातला? आपल्या देवाची शीम पिंपळापावत. थयसून फुडे त्याचा चालना नाय."

देवाला हद्द असते, कोकणात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तुकाराम उठेना. शेवटी गुरवानंच तोड काढली. गाऱ्हाणं इथं घालायचं आणि नारळ त्या माणसाच्या मुलखात नेऊन ठेवायचा. मग त्यानं हात जोडले आणि म्हणायला लागला, "बा देवा रवळनाथा, आज तुझ्या ह्या लेकरान तुझ्या पायाकडे नारळ ठेवलो असा. ज्यान आवशीच्या आणि झिलाच्या मधी दार लावल्यान, त्येचा बरा होव देव नको." आणि बाकीचे दोघेतिघे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

नारळ हातात देताना गुरवानं नियम सांगितला. "तो आपल्या तोंडान गुन्हो कबूल करीपावत नारळ फोडूचो नाय. आणि एकदा कबूल केल्यान, मगे ठेवूचो नाय. फोडायचो, आणि दोघांनी मिळान खोबरा खावचा. तुकाही खावचा लागतला, इसरा नको."

तुकारामला नियमाचा पहिला भाग नीट ऐकू आला.

पुढच्या वर्षी, ९८ साली, तो नारळ बॅगेत घालून कुवेतला परत आला. ह्या वेळी बाळासाहेबाच्या कंपनीत नव्हे. राईमध्ये मुनव्वर मुकादम नावाच्या राजापूरकडच्या माणसाची मसाला दळायची गिरणी होती; त्याच्या कुवेती कफीलनं, म्हणजे ज्याच्या नावावर धंदा आणि व्हिसा चालतो त्या मालकानं, तुकारामचा व्हिसा काढला. मुनव्वर जाडजूड, हसरा, दर शुक्रवारी न चुकता बिर्याणी खाणारा. त्यानं फळीवरचा नारळ पाहिला, सगळी हकिकत ऐकली आणि म्हणाला, "बरा. पण मियाँ, लोणचा इकूक इलंस काय बदलो घेवक?"

"दोनय," तुकाराम म्हणाला.

त्याच गिरणीत कारखाना थाटून त्यानं 'गंगूबाई' नावानं लोणचं काढलं. लेबलावर फोटो नाही. नुसतं नाव आणि तीन बरण्यांचं चित्र. बरणी मात्र पारदर्शक काचेची असली पाहिजे ह्यावर तो अडून बसला. काच महाग, फुटते, मुनव्वर ओरडला. "लपवूक काय असा आपल्याक?" तुकाराम म्हणाला. "माणसान भायरसून बघूचा आणि तोंडाक पाणी सुटूचा." नऊ दिवस मुरलेलं लोणचं काचेतून सोन्यासारखं दिसायचं. बकाल्यांच्या, म्हणजे गल्लीतल्या छोट्या वाणी-दुकानांच्या फळीवर, सगळ्यात आधी त्याच्यावर नजर जायची.

आणि तिकडे मिरकाबच्या गच्चीवर बाळासाहेबाची पिंपं कागदाबरहुकूम चाळीस दिवस भाजत होती.

पहिला घाणा काळा निघाला. बाळासाहेबाला वाटलं लिंबं वाईट. दुसऱ्या घाण्याला लिंबं बदलली. तिसऱ्याला मीठ बदललं, मग तेल बदललं, मग आचारी बदलला. कडवटपणा मारायला साखर घातली, तर लोणचं कडू-गोड काढ्यासारखं झालं. शेवटी काचेच्या बरण्या बंद करून त्यानं तपकिरी प्लॅस्टिकच्या आणल्या, आतलं दिसू नये म्हणून. ऊन तेवढं त्यानं बदललं नाही. ऊन फुकटचं, फुकटच्या गोष्टीवर संशय कोण घेतो? आणि चाळीसच्या आकड्यावर तर त्याच्या आत्यानंही शिक्कामोर्तब केलं होतं, साताऱ्याहून. सगळ्यांच्या आया चाळीसच म्हणत होत्या. त्या सगळ्या साताऱ्याच्या किंवा कुडाळच्या अंगणात बसून म्हणत होत्या, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

तुकारामनं बदला घेताना हात आखडता घेतला नाही. छावण्यांतले सगळे आचारी त्याच्या ओळखीचे. तो जाऊन बसायचा, चहा प्यायचा आणि जाताना आपली काचेची बरणी तिथल्या तपकिरी बरणीशेजारी ठेवून यायचा. एक शब्द बोलायचा नाही. महिन्याभरात ती तपकिरी बरणी तिथून गेलेली असायची. असं करत त्यानं बाळासाहेबाच्या सगळ्या छावण्या घेतल्या, मग हवल्लीची दुकानं घेतली, आणि शेवटी सलव्यात बाळासाहेबाच्या घराखालच्याच बकाल्यात आपली बरणी दर्शनी ठेववली, म्हणजे येता-जाता दिसावी.

वर्षातून एकदा, दहा जूनला, तो 'थोरली आई'ची एक बरणी विकत आणायचा. आईच्या दिवशी. नारळासमोर बसून झाकण उघडायचा आणि एक काळी फोड तोंडात टाकायचा. त्या कडू घासाइतकं गोड त्यानं वर्षभरात दुसरं काही खाल्लेलं नसायचं. मुनव्वर ते बघायचा आणि त्याला शहारे यायचे.

"अरे, तो नारळ त्येका खायत नाय, तुका खाता," तो एकदा म्हणाला. "आतमधी सुकान गोटो झालो असतलो."

"होवंदे."

गावी बायको होती, मुक्ता. मुलगी शाळेत जात होती. मुक्ता फोनवर म्हणायची, "एवढा कमावलात, आता येवा. फोडा तो नारळ आणि येवा." तुकाराम दरवेळी सुट्टीवर जायचा आणि परत यायचा. कायमचं जायचं कसं? नारळ ठेवलेला होता. २००३ साली पलीकडे इराकमध्ये लढाई लागली, सायरन वाजायला लागले, लोक मिळेल त्या विमानानं पळाले. मुनव्वरनंही बायकोला, फखरुन्निसाला, राजापूरला पाठवून दिलं. तुकारामनं चौकशी केली, बाळासाहेब गेला का? नाही म्हणाले. मग तोही गेला नाही. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून लिंबं चिरत बसला.

२००४ मध्ये 'थोरली आई' बंद पडली. कंपनीनं लोणच्याचा विभाग गुंडाळला आणि बाळासाहेबाला कुठल्याशा ऑफिसात कारकुनासारख्या जागी बसवलं. ती बातमी आली त्या दिवशी तुकारामनं सगळ्या कामगारांना बिर्याणी दिली. पण जेवताना त्याची नजर फळीवर गेली आणि घास फिका झाला. माणूस बुडाला होता, पण बोलला नव्हता. गुरवानं बुडण्याचं काही म्हटलं नव्हतं. तोंडानं कबूल करण्याचं म्हटलं होतं.

आणि मग २००५ च्या उन्हाळ्यात, भर दुपारी, बाळासाहेब स्वतः राईत आला.

दारात उभा राहिलेला तो वाकलेला, पांढऱ्या केसांचा माणूस तुकारामनं आधी ओळखलाच नाही. शर्ट मात्र पांढराच होता. मुनव्वर काउंटरमागे लेबलं लावत होता. तो हातातलं काम टाकून उभा राहिला.

"गुरुवारी निघतोय," बाळासाहेब म्हणाला. "कायमचा. म्हटलं, जाण्याआधी एक गोष्ट विचारून जावी."

त्यानं पिशवीतून एक कागद काढला. प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट केलेला. आठ वर्षांपूर्वीचं त्याचंच अक्षर. त्यानं तो काउंटरवर ठेवला आणि दोन्ही हात त्यावर ठेवले, जणू कोणी तो ओढून नेईल.

"ह्यात काय खोटं आहे तेवढं सांग, तुकाराम. मी सगळं बदलून बघितलं. मला झोप लागत नाही रे. आईला बरणी पाठवली होती. तिनं थुंकून टाकलं. म्हणाली, माझा फोटो काढ त्याच्यावरनं. पंचाऐंशी वर्षांची आहे ती. मला वाटतं, जाऊन तिच्यासमोर एकदा नीट करून दाखवावं."

त्याची आई जिवंत होती. तुकारामनं ते ऐकलं आणि त्याचा राग पुन्हा पेटला, पहिल्या दिवसासारखा. कागद हातात घेऊन त्यानं तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचला.

"ह्यात एक अक्षर खोटं नाही, साहेब," तो म्हणाला. "माझी आई असंच करायची. चाळीस उन्हं. फक्त तिचं ऊन कुडाळचं होतं."

बाळासाहेबाची नजर कागदावरच्या उन्हाच्या ओळीवर गेली. मग त्याच्या तोंडावरचा रंग हळूहळू गेला. तो मूर्ख नव्हता. ऊन म्हटल्याबरोबर त्याला कळलं.

"ऊन," तो म्हणाला. "देवा. मग इथं किती?"

"ते तुम्हाला माहीत आहे."

"मला?"

"माझा फॅक्स तुमच्या खणात जितके दिवस होता, तितके." तुकारामचा आवाज चढला नाही. "लिंबं गच्चीवर चढवली त्या सकाळी तो आला. लिंबं उतरवली त्या दिवशी तुम्ही तो माझ्या हातात दिलात, आजच आला म्हणून. मोजा. आठवलं तर लोणचं जमेल. नाही आठवलं तर तुमची आई तुमचं लोणचं न खाता मरेल."

हे वाक्य त्यानं आठ वर्षं मनात घोळवलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्याला हवं होतं की बाळासाहेबानं कपाळाला आठ्या घालून विचारावं, कुठला फॅक्स? मग तो त्याला हाकलून देणार होता, आणि नारळ फळीवर राहणार होता, आणि राग मरेपर्यंत त्याचा राहणार होता.

बाळासाहेबानं बोटं मोजली नाहीत. क्षणभरही थांबला नाही.

"नऊ," तो म्हणाला.

मागे गिरणीचा पट्टा फिरत होता. मुनव्वरनं हात लांब करून बटण बंद केलं.

"नऊ दिवस," बाळासाहेब म्हणाला. "रोज सकाळी खण उघडायचो. रोज वाटायचं, देऊन टाकावा. मग ट्रक आठवायचा. तू जाशील, ऑर्डर जाईल. दहा तारखेला दुसरा फॅक्स आला, ती गेल्याचा. तो मी फाडला. मी दडवला होता, तुकाराम. मी माणूस नाही."

तुकारामनं कागद काउंटरवर ठेवला. म्हणजे हा विसरला नव्हता. एक दिवससुद्धा विसरला नव्हता. ह्याला दिवस पाठ होते, तारखा पाठ होत्या, आणि हे सगळं घेऊन तो सलव्यात राहिला, जेवला, झोपला. तुकारामचा राग कमी झाला नाही. उलट आता तो कुठं ठेवावा हे त्याला समजेना. त्यानं हलायचं नाही असं ठरवलं. पण मुनव्वरनं स्टूल ओढलं, वर चढला, फळीवरचा नारळ काढला, शर्टाच्या बाहीनं पुसला आणि काउंटरवर ठेवला.

"कबूल झालो तो," मुनव्वर म्हणाला. "तुझ्याच देवाचो नियम. फोड."

"राहू दे."

"फोड, तुकाराम."

त्यानं वरवंटा घेतला. पहिल्या घावाला नारळ फुटला. पाण्याचा एक थेंबही आला नाही. आत सुकून आकसलेलं, पिवळं पडलेलं खोबरं करवंटीपासून सुटून खुळखुळत होतं, आणि त्याला शिळ्या तेलाचा वास होता. तुकारामनं सुरीनं त्याचे दोन तुकडे केले. एक पुढं केला.

बाळासाहेबानं विचारलं नाही कशासाठी. तोंडात टाकला. चावताना त्याचे डोळे मिटले.

"थुंकायचं नाही," तुकाराम म्हणाला. "गिळा, साहेब."

तो कष्टानं चावत राहिला. तुकाराम त्याच्या जबड्याकडे बघत होता, अगदी शेवटपर्यंत बघायचं म्हणून. मुनव्वरनं दुसरा तुकडा उचलून तुकारामच्या हातात ठेवला, तेव्हा त्याला गुरवाचं राहिलेलं वाक्य आठवलं.

त्यानं तो तोंडात टाकला. खवट होता, घशाला झोंबणारा, आणि इतका कडक की दातांनी तुटेना. काउंटरच्या दोन बाजूंना दोघं उभे राहून चावत होते. पाण्याचा जग मधेच होता, पण त्याला कोणीच हात लावला नाही.